ग्रुपवरचं 'आमेन' म्हणजे प्रीती का?

नगरी_पोरगा (धागाकर्ता)
आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत. मागे महिला मंडळातल्या एका आजी मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. सेक्रेटरींनी प्रार्थनेची विनंती टाकली. तासाभरात ४६ 'आमेन', जोडलेले हात, पांढरी कबुतरं, गुलाबांवर छापलेलं स्तोत्र २३. आजी घरी आल्यावर मी गेलो तेव्हा कळलं, पाळकसाहेब सोडले तर दवाखान्यात कुणी फिरकलंच नव्हतं. त्या ४६ जणांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब विचारतो, उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' एवढंच म्हटलं तर त्याला काय उपयोग? आता तर तोंडही उघडावं लागत नाही, अंगठ्यावर भागतं. माझ्या मते मोबाइलवर ख्रिस्ती प्रीती होत नाही. बोला.

मस्कतचा_मुक्काम
दादा, मी १४ वर्षं मस्कतला. आई नगरजवळच्या खेड्यात एकटी. इथले रात्रीचे आठ म्हणजे तिचे साडेनऊ. रोज त्या वेळी व्हिडिओ कॉलवर आमची कौटुंबिक प्रार्थना. ती फोन इतका जवळ धरते की मला तिचं कपाळच दिसतं. ही प्रीती नाही म्हणता? प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीला, पत्र कैदेतून लिहिलं. आपल्या अहमदनगरातून १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, तोही कागदच होता. फोनची तेवढी ॲलर्जी का?

वसईची_लेक
मी कॅथलिक, आमच्याकडचं सांगते. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली आणि मिस्सा, म्हणजे आमची उपासना, यूट्यूबवर आली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात उभे होते, ते बघून पप्पा ढसाढसा रडले. पण व्हॅटिकनने २००२ मध्येच लिहून ठेवलंय, इंटरनेटवर साक्रामेंत (पवित्र संस्कार) होत नाहीत. पडद्यावरची मिस्सा बघता येते, कोम्युनियन (पवित्र भाकर) घेता येत नाही. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या दारी डबा, कोणाला सिलिंडर, हे ठरत होतं. रात्री दोनला मेसेज टाकला तरी कोणीतरी जागं असायचं. आता तिथे नुसते गुड मॉर्निंग. दोष फोनचा कसा?

नगरी_पोरगा
@मस्कत, पौलाचं म्हणता तर पुढचंही वाचा. फिलिप्पैकरांचं दान घेऊन एपफ्रदीत पौलाकडे आला, तिथे मरता मरता वाचला, आणि पौलाने त्यालाच परत धाडलं. रोमकरांस पत्र नेणारी म्हणून किंख्रियाच्या फिबीचं नाव घेतात. पत्राबरोबर चालून येणारं माणूस असायचं. आणि योहान तर दुसऱ्या पत्रात लिहितोच, कागद-शाईने सगळं लिहायची इच्छा नाही, येऊन समोरासमोर बोलेन.

मीठ_आणि_ज्योत
'आमेन' बिचारं निरुपद्रवी आहे हो. खरी शोभा बघायची तर मराठी उपदेशांच्या व्हिडिओखाली बघा. बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, यावर तिसऱ्या कॉमेंटला एकमेकांना सैतानाची लेकरं ठरवून मोकळे. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' पाठ असलेली हीच माणसं! भावाचं चुकलं तर आधी एकांतात त्याच्याकडे जा, हे मत्तय १८ मध्ये प्रभूने सांगितलंय. आमच्या ग्रुपवर एका खजिनदाराचा हिशेब सगळ्यांसमोर काढला. चूक ४०० रुपयांची, तीही बेरजेची. माणूस उपासनेला यायचा थांबला. ग्रुप ॲडमिनना एकच विनंती: भांडण दिसलं की दोघांना फोन लावा.

शिधावाटप_वाला
उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये वगैरे ठीक आहे, पण मी एका छोट्या ट्रस्टचं काम बघतो. ग्रुपवर शिधावाटपाचा फोटो नाही टाकला तर पुढच्या महिन्याचा तांदूळ येत नाही. देणारे 'पुरावा' मागतात.

वसईची_लेक
पोत्यांचा काढा की मग. घेणाऱ्या बाईचा पदर चेहऱ्यावर ओढलेला असतो, तो दिसत नाही का तुम्हाला?

शिधावाटप_वाला
दिसतो. यावेळी पोत्यांचाच टाकतो. देणगी घटली तर इथेच येऊन भांडेन.

मस्कतचा_मुक्काम
@नगरी, एपफ्रदीत मान्य, पण मला रजा दोन वर्षांतून एकदा. बरं, त्या आजींना विचारलं का कुणी, ४६ 'आमेन'चं त्यांना काय वाटलं?

नगरी_पोरगा
विचारलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सगळी नावं माझ्याकडून वाचून घेतली. दोनदा. मधेच थांबवून 'हिची सून बाळंत झाली का रे?', 'हा अजून पुण्यालाच का?' असं चाललेलं. चेहरा उजळला होता, खोटं कशाला बोलू. मग डबा पुढे सरकवून म्हणाल्या, "यातला एखादा दळण आणून देईल का?"

मस्कतचा_मुक्काम
म्हणजे माझंही थोडं खरं.

नगरी_पोरगा
थोडं. पाच किलो ज्वारी होती, मीच आणली दळून.

मीठ_आणि_ज्योत
ग्रुपवर फोटो टाकला नाहीस ना?