शब्दचर्चा : ‘कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स’ मराठीत कसं लिहायचं?

धागालेखिका
माझा मावसभाऊ कॅनडातल्या अल्बर्टात असतो. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी त्याने लेख लिहिलाय, तोही इंग्रजीत, आणि मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय असा : शंभरेक वर्षांची इंग्रजी दुनळी शिकारी रायफल, .४७० नायट्रो एक्स्प्रेस, आणि तिची काडतुसं घरी बसून स्वतः भरणं. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. नळीवर एक ओळ कोरलेली आहे : ‘कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स’. मी लिहिलं, ‘कॉर्डाइट ७५ ते ५००, कमाल’. त्यावर त्याचा मध्यरात्री फोन, ‘असं छापलंस तर कुणाचा तरी जीव जाईल.’

बाकी बुलेट, कार्ट्रिज, केस, पावडर, चार्ज या सगळ्यांची मी ‘गोळी’ आणि ‘दारू’ अशा दोनच शब्दांत बोळवण केली आहे. हेही चुकलंय म्हणे. आणि ‘हँडलोडिंग’ला काय म्हणू?

खडकीकर
भाऊ बरोबर आहे. ती आडवी रेघ ‘ते’ नाही, ‘आणि’ आहे. ७५ हे कॉर्डाइटचं, म्हणजे त्या काळच्या बंदुकीच्या दारूचं, वजन, ५०० हे गोळीचं. दोन्ही ग्रेन या वजनात. त्या काळी इंग्लंडमधल्या प्रूफ हाउसमध्ये प्रत्येक नळीची चाचणी व्हायची आणि नेमाने वापरायचा कमाल बार नळीवर कोरला जायचा. म्हणजे ‘७५ ग्रेन कॉर्डाइट व ५०० ग्रेनची गोळी, यापेक्षा जास्त नको.’

दुनळीत आणखी एक भानगड आहे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कारागीर त्या नळ्या एका ठरावीक गोळीसाठी आणि वेगासाठी जुळवून जोडतो. .४७०ला ५०० ग्रेनची गोळी आणि सेकंदाला सुमारे २१५० फूट. गोळी हलकी केली किंवा वेग बदलला की दोन नळ्या दोन दिशांना मारतात. त्यामुळे घरी भरणाऱ्याची सगळी खटपट हा जुना वेग नव्या दारूने पुन्हा गाठायची असते.

मालवणी माणूस
ताई, ‘चार्ज’साठी डोकं खाजवू नका. ‘बार’ आहे ना! आमच्याकडे शेती राखायला ठासणीची बंदूक घरोघर असायची. आजोबा ती खुंटीला टांगताना बजावायचे, ‘बार भरलेलो आसा, हात लावू नको.’ एका वेळेला घातलेली दारू म्हणजे बार. फुसका बार, बार काढणे, लग्नाचा बार उडवणे, सगळं त्यातलंच. (डबलबारी भजनातली ‘बारी’ वेगळी, ती पाळी. कुणी मध्ये आणू नये.)

निवृत्त फौजदार
‘केस’ला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याला, पुंगळी. आमच्या पंचनाम्यात गेली कित्येक वर्षं हाच शब्द आहे : ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या व एक जिवंत काडतूस मिळून आले.’ काडतूस म्हणजे पुंगळी, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी मिळून होणारी पुरी वस्तू. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडते तेवढीच. वर्तमानपत्रवाले ‘पिस्तुलात गोळ्या भरल्या’ असं लिहितात ते बोलण्यापुरतं ठीक आहे. पण भरणीच्या लेखात ‘५०० ग्रेनची गोळी’ वाचून कुणी अख्खं काडतूस काट्यावर ठेवलं तर हिशेब पार बिघडेल.

व्युत्पत्तीवेडा
काडतूस पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून, पिस्तूलही त्यांचंच. बंदूक अरबीतून आली, तिथे मूळ अर्थ एक कवचाचं फळ, मग गोळी, मग गोळी मारणारं हत्यार. दारू फारसी, मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अजून जिवंत आहे. आणि ‘एक्स्प्रेस’ खरोखर आगगाडीवरून : लंडनच्या पर्डी यांनी १८५६ साली आपल्या वेगवान रायफलींना ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असं नाव दिलं. पुढे नायट्रोग्लिसरिनवाली दारू आली आणि ‘नायट्रो’ मागे लागलं.

मालवणी माणूस
आला बाबा. आता हा व्हेनिसपर्यंत जाणार.

धागालेखिका
दारूचं काय करू पण? वाचक हसतील. आणि एका परिच्छेदात ‘स्लो पावडर’ आहे, मी ‘सौम्य दारू’ केलंय.

खडकीकर
हसू द्या, दारूच लिहा. दारूगोळा म्हणताना कोण हसतं? पण ‘सौम्य’ ताबडतोब खोडा. स्लो म्हणजे कमी जोराची नव्हे, सावकाश जळणारी. मोठ्या पुंगळीला आणि जड गोळीला अशीच दारू लागते, कारण गोळी नळीत पुढे सरकत असताना दाब हळूहळू वाढायला हवा. पिस्तुलाची जलद दारू तेवढ्याच वजनाने घातली तर गोळी हलायच्या आत सगळा दाब चढेल आणि नळी फुटेल. ‘मंद जळणारी’ आणि ‘जलद जळणारी’ असं लिहा.

नावातले आकडेही जसेच्या तसे ठेवा. हॉजडन ४८३१ आणि आयएमआर ४८३१, आकडा एकच पण दारू दोन. आयएमआरची जरा जलद जळते. कंपनीचं नाव गाळलंत तर मजकूर निरुपयोगीच नाही, घातक होईल.

कॉर्डाइट मात्र कॉर्डाइटच. १८८९ साली एबल आणि ड्यूअर यांनी पेटंट घेतलं. शेवयांसारख्या दोऱ्या असायच्या म्हणून नाव ‘कॉर्ड’वरून. आपल्याकडे निलगिरीत अरुवनकाडूला त्याचा कारखानाच होता. उन्हात त्याचा दाब चढायचा, म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी जरा कमी बाराची काडतुसं निघत. आता ते बाजारात मिळत नाही, आणि ‘७५ ग्रेन’ हा आकडा दुसऱ्या कुठल्याही दारूला लागू नाही. हे वाक्य भावाच्या लेखात नसेल तर त्याला घालायला सांगा. बार घ्यायचा तो त्या दारूच्या छापील तक्त्यातून, आणि सुरुवात तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून.

सराफकट्टा
आता ‘ग्रेन’. याला ‘दाणा’ म्हणू नका, कारण दारूचेही दाणे असतात. ‘५० ग्रेन दारू’ म्हणजे पन्नास दाणे मोजायचे नाहीत, ते वजन आहे. मूळ जवाच्या दाण्याचं, आपल्या गुंजेसारखंच. आणि संक्षेप अजिबात करू नका. इंग्रजी टिपणातलं ग्रेनचं चिन्ह ग्रॅमसारखं दिसतं. एका ग्रॅमचे साडेपंधरा ग्रेन धरा. ७५ ग्रेन म्हणजे पाच ग्रॅमलाही थोडे कमी.

गंमत म्हणून सांगतो : जुना सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे १८० ग्रेनची रायफलची गोळी नेमकी एक तोळा! तुमच्या भावाची ५०० ग्रेनची पावणेतीन तोळ्यांची झाली. (आताचा दहा ग्रॅमवाला तोळा नव्हे.)

धागालेखिका
वा! हे लेखात चौकटीत टाकते. आता शेवटचं : ‘सॉफ्ट’ आणि ‘सॉलिड’. मऊ गोळी आणि भरीव गोळी?

खडकीकर
इथेच खरी मेख आहे. जुन्या शिकाऱ्याची ‘सॉलिड’ भरीव नसायची. आत शिसं, बाहेर पोलादाचं किंवा निकेलमिश्रित तांब्याचं पूर्ण कवच. अर्थ एवढाच की ती लागल्यावर पसरत नाही, म्हणून हत्ती-गव्यासाठी. ‘सॉफ्ट’चं टोक उघडं, ती आत शिरल्यावर पसरते. हल्लीच्या बऱ्याच ‘सॉलिड’ मात्र खरोखर एकाच धातूच्या, पितळेच्या किंवा तांब्याच्या. तोच शब्द, पण वस्तू बदलली. शिशाची गोळी नळीतल्या खाचांमध्ये दबून बसते, पितळेची ठोकळ्यासारखी अडते, आणि जुन्या नळ्या पातळ. म्हणून काही जण अशा रायफलीत शिसं-कवचाचीच वापरतात, काही जण बाहेरून कंगोरे पाडलेल्या नव्या गोळ्या घेतात. भाऊ काय वापरतो ते विचारून मगच शब्द निवडा. माझ्या मते ‘न पसरणारी’ आणि ‘पसरणारी’.

निवृत्त फौजदार
पसरणाऱ्या गोळीला सरसकट ‘दमदम गोळी’ म्हणतात, ते कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून. १८९९ला हेगमध्ये तिच्यावर बंदी आली ती युद्धापुरती. शिकारीत बऱ्याच ठिकाणी ती कायदेशीर. लेखात ‘दमदम’ नको, उगाच वास येतो.

व्युत्पत्तीवेडा
एक राहिलं. बोअरचा, म्हणजे रायफलीच्या नावातला, आकडा म्हणजे गोळीचं माप नव्हे. शिकारी जिम कॉर्बेटना १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीबद्दल भेट मिळालेली रिग्बी .२७५ रायफल, तिला गोळी लागते .२८४ इंचाची. .२७५ हा खाचा पाडण्याआधीचा नळीचा व्यास. ‘.४७० इंचाची गोळी’ असं चुकून लिहू नका, ‘.४७० बोअर’ लिहा. जुन्या रायफलीत तर मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूच ठोकून बाहेर काढतात आणि तोच मोजतात.

धागालेखिका
सगळ्यांचे आभार. सुधारलेला परिच्छेद :

‘नळीवर ७५-५०० असे कोरले आहे. म्हणजे कमाल बार ७५ ग्रेन कॉर्डाइटचा आणि गोळी ५०० ग्रेनची. कॉर्डाइट आता मिळत नाही. मी मंद जळणारी आधुनिक दारू तक्त्यानुसार तोलून घेतो. तिने पुंगळी पुरती भरत नाही, म्हणून वर हलका भराव घालतो, मग न पसरणारी, शिसं-कवचाची गोळी बसवतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या पन्नास यार्डांवर शेजारी-शेजारी लागल्या, की बार जमला.’

हँडलोडिंगला ‘हातभरणी’ केलंय.

मालवणी माणूस
‘वर हलका भराव’ ठीक. आजोबा काथ्या ठासायचे. पण ‘हातभरणी’ नको ताई, लोणच्याची बरणी आठवते. ‘घरभरणी’ तर वास्तुशांतच. सरळ ‘काडतुसं भरणं’ म्हणा की.

सराफकट्टा
‘बार जमला’ मात्र ठेवा. ते भावाला इंग्रजीत जमलं नसतं.