मूळ रचना १३ वादकांचीच

अमेरिकी संगीतकार एरन कोपलंडचं 'ॲपलेशियन स्प्रिंग' हे नृत्यसंगीत छोट्या वाद्यवृंदात वाजवलं की ती काटछाट केलेली आवृत्ती, असं काही जण म्हणतात. खरं तर उलट आहे. ३० ऑक्टोबर १९४४ ला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नृत्यांगना मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी ते पहिल्यांदा वाजलं, तेव्हा वादक १३च होते: बासरी, क्लॅरिनेट, बसून (खालच्या स्वरांचं सुषिरवाद्य), पियानो आणि ९ तंतुवाद्यं. सभागृह लहान, वादकांना जागा तेवढीच. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीचा विस्तार कोपलंडने नंतर केला. मला १३ वादकांचंच जास्त भावतं, पियानोचा टणक स्वर त्यात स्वच्छ ऐकू येतो.

आणि संगीताच्या कार्यक्रमात नव्या रचना कशाला, असंही काही जण विचारतात म्हणून: हीसुद्धा तेव्हा संगीताच्या आश्रयदात्या एलिझाबेथ कूलिज यांच्या प्रतिष्ठानाने मुद्दाम लिहून घेतलेली नवी रचनाच होती.