डायमंडला ७ रात्री कमी आणि आईबाबांची पहिली क्रूझ: कंपनी बदलू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

क्रूझवर बऱ्याचदा गेलेली माणसं इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माहिती अर्धवट दिली की उत्तरंही तशीच येतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. बेयोनचं केप लिबर्टी बंदर घरापासून पाऊण तासावर, त्यामुळे पहिल्यापासून रॉयल कॅरिबियननेच जात आलो. विमानाची भानगड नाही, आदल्या रात्रीचं हॉटेल नाही. बॅगा गाडीत टाकल्या की निघालो. अशी सवय लागत लागत त्यांच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत (नेहमीच्या प्रवाशांना पॉइंट आणि पातळ्या देणारी त्यांची योजना) आमचे ७३ पॉइंट झालेत.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: एका रात्रीला एक पॉइंट, स्वीट म्हणजे मोठी, महागडी केबिन घेतली तर दुप्पट. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड. पुढे १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल, पण तिकडे आम्ही बघतही नाही. खरा फरक डायमंडपासून पडतो. रोज चार पेयं फुकट (आम्ही दारू घेत नाही, पण त्यात चांगली कॉफीही बसते), शिवाय वेगळं लाउंज. आम्हाला डायमंडसाठी नेमक्या सात रात्री कमी आहेत.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा येणार आहेत. लग्नाला ४५ वर्षं होतील. बाबा मुंबईच्या गोदीत ३१ वर्षं टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या मालाची मोजदाद करण्यात सगळी नोकरी गेली, पण प्रवासी म्हणून जहाजावर पाऊल ठेवलं नाही. क्वीन एलिझाबेथ २ मुंबईला लागली होती तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बॅलार्ड पियरला जाऊन बाहेरून बघून आले होते, ते अजून सांगतात. मला त्यांना घेऊन जायचंच आहे.

नवरा म्हणतो, सात रात्रींची रॉयलचीच घेऊ, डायमंडही होईल, आईबाबांनाही लाउंज मिळेल. मलाही ते पटलं होतं. पण ब्रुकलिनहून निघणाऱ्या एमएससी कंपनीच्या मेराव्हिलिया जहाजाचा भाव काढला तर पाच जणांच्या दोन केबिन मिळून साधारण ९०० डॉलर कमी. मॅनहॅटनहून नॉर्वेजियन कंपनीची जहाजं आहेत. मैत्रीण म्हणते, अलास्काला न्या, आयुष्यभर लक्षात राहील.

आमच्या अडचणी: आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. चालते, पण छोट्या होडीत चढणं-उतरणं जमणार नाही. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना पहाटे पाचला चहा लागतो, खरा, उकळलेला. आणि दोघांचे पासपोर्ट भारतीय, अमेरिकेचा दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा आहे.

जेवणाबद्दल मी इतकी हळवी का, तेही सांगते. एकदा फ्लोरिडाहून दुसऱ्या एका कंपनीने गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या. आधी लेखी कळवूनही पहिले तीन दिवस त्यांच्या पुढ्यात उकडलेल्या भाज्या आणि पाव. त्या काही बोलल्या नाहीत, पण चौथ्या दिवशी बॅगेतले दाण्याचे लाडू काढून खाताना दिसल्या आणि मला रडू आलं. ते पुन्हा नको आहे.

तर विचारायचं असं, की सात रात्रींसाठी एकाच कंपनीला धरून राहण्यात अर्थ आहे का? की या वेळी सोडून द्यावं? अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा.

ह्यूस्टनकर:
ताई, आधी तुमच्या हिशेबातल्या दोन चुका दाखवतो, राग मानू नका.

पहिली: पॉइंट सफर संपल्यावर जमा होतात. ७३ वर चढलात तर ती अख्खी सफर तुम्ही एमराल्डच. डायमंडचं जे काही मिळेल ते त्याच्या पुढच्या सफरीत. म्हणजे आईबाबांबरोबर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. पातळी जोडीदाराला मिळते, १८ वर्षांखालच्या मुलांना मिळते, आईवडिलांना नाही. डायमंड असतात तरी बाबांना लाउंजच्या दारातून परत पाठवलं असतं. आमच्या बाबतीत हे झालेलं आहे. मी आत आणि वडील बाहेर, असं दोन मिनिटं झालं आणि मग मीही बाहेर आलो.

आणि तुमचे ७३ कुठे पळून जात नाहीत. क्राउन अँड अँकरमध्ये मिळवलेली पातळी कायम राहते. दोन वर्षांनी चार रात्री ज्युनियर स्वीट घ्या, आठ पॉइंट होतील, झालात डायमंड. घाई कशाची?

कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीची स्थिती मात्र वेगळी. त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं, की रात्री मोजायची पद्धत बंद करून किती पैसे खर्च केले त्यावर पातळी ठरवणार, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा मिळवावी लागणार. वर्षानुवर्षं एकाच कंपनीने गेलेली माणसं त्यावर फार दुखावली गेली. निष्ठा आपण ठेवतो, नियम त्यांच्या हातात असतात, हे त्या वेळी मला नीट कळलं.

धागाकर्ती:
आईवडिलांना मिळत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही आत्ता वाचून दाखवलं, तोही गप्प झाला. आभारी आहे. मग एमएससी बघू का?

ह्यूस्टनकर:
बघा, पण भाव नीट जुळवून बघा. एमएससीचा सर्वांत स्वस्त भाव 'बेला' प्रकारचा असतो. त्यात केबिन कुठली ते कंपनी ठरवते. तुम्हाला आईसाठी लिफ्टजवळची केबिन हवी, म्हणजे निदान 'फँटास्टिका' घ्यावं लागेल. त्या ९०० मधले बरेच तिथेच जातील. टिप्सही धरा. एक गोष्ट तुमच्या बाजूची: एमएससी दुसऱ्या कंपनीतली पातळी बघून आपल्या व्हॉयेजर्स क्लबमध्ये पातळी देते, त्याला स्टेटस मॅच म्हणतात. तुमचं एमराल्ड तिथे कामाला येईल. रॉयल अशी दुसऱ्यांची पातळी मानत नाही, फक्त आपल्या घरातल्या सेलिब्रिटी आणि सिल्वरसी या कंपन्यांची मानते, तेही २०२४ पासून.

अलास्का या वेळी नको. १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन परदेशी बंदराला न लागता पुन्हा अमेरिकेत उतरवू शकत नाही. म्हणून सिएटलहून निघणारी जहाजं कॅनडात व्हिक्टोरियाला वगैरे थांबतात, आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. कुणाला उतरायचं नसलं तरी लागतो.

ठाण्याची_मावशी:
अगं, मी अमेरिकेतल्या जहाजांवर कधी गेले नाही, पण निष्ठेबद्दल सांगते. आम्ही दोघं सिंगापूरहून गेंटिंग ड्रीमने गेलो, दोनदा. २०२२ च्या सुरुवातीला गेंटिंग हाँगकाँग कंपनीच बुडाली. पण जहाज नाही बुडालं! त्याच वर्षी रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस नावाने तेच जहाज पुन्हा सिंगापूरहून सुरू झालं. आणि त्यांच्यासाठी जर्मनीत बांधायला घेतलेलं ग्लोबल ड्रीम अर्धवट राहिलं होतं, ते डिस्नीने घेऊन डिस्नी ॲडव्हेंचर केलं. आपल्याकडे मुंबईहून जलेश कंपनीचं कर्णिका जहाज २०१९ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी अलंगला तोडायला गेलं. मग २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस आली, ती मूळची तुझ्या रॉयल कॅरिबियनचीच, एम्प्रेस ऑफ द सीज. कंपन्या येतात-जातात गं. पॉइंट जपून ठेवायला ती काही पोस्टाची बचत नाही.

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्या सांगायच्या, त्यांचे आजोबा मुंबईला जाताना 'माझी आगबोट' कंपनीच्या बोटीचीच वाट बघायचे. इंग्रजांच्या कंपनीची बोट आधी सुटत असली तरी तिच्यात पाय ठेवायचे नाहीत, कारण ही आपल्या लोकांनी काढलेली कंपनी. त्या निष्ठेला पॉइंट नव्हते.

तारवटी:
मी गोव्याचा, १४ वर्षं जहाजांवर डायनिंगमध्ये काढली, दोन कंपन्यांत. नावं देत नाही. आतल्या बाजूने दिसतं ते सांगतो.

जेवणासाठी फॉर्ममध्ये लिहिण्यावर विसंबू नका. पहिल्या दिवशी जहाजावर चढल्याबरोबर, बॅग यायच्या आधी, मुख्य डायनिंग रूममध्ये जा आणि हेड वेटरला भेटा. दोन शाकाहारी, अंडं नाही, रोज रात्री भारतीय जेवण हवं, असं तोंडावर सांगा. मग रोज रात्री उद्याचं आजच ठरवा. भटारखान्यात भारतीय स्वयंपाकी बहुतेक असतोच, आणि क्रूच्या मेसमध्ये रोज भात-आमटी शिजते. डाळ नाही असं जहाज मी पाहिलेलं नाही, ती तुमच्या टेबलापर्यंत आणणारा माणूस शोधायचा असतो. गोव्याचा, मंगळूरचा, केरळचा कोणीतरी भेटेल. त्याचं नाव लक्षात ठेवा आणि शेवटच्या दिवशीच्या सर्वेक्षणात लिहा. त्या नाव लिहिण्याचा त्याच्या पुढच्या बढतीला उपयोग होतो, नुसत्या टिपेपेक्षा जास्त.

लोक म्हणतात, आम्ही या कंपनीला सोडत नाही कारण इथली माणसं चांगली. खरं आहे, पण तीच माणसं पुढच्या वर्षी भेटत नाहीत. आमचा करार सहा ते आठ महिन्यांचा, मग घरी, मग दुसरं जहाज. दोन वर्षांनी तेच आजोबा पुन्हा माझ्याच टेबलावर आले असं माझ्या सबंध नोकरीत एकदाच झालं. त्यांनी मला नावाने हाक मारली. तो दिवस मी विसरणार नाही.

चहा: केबिनमध्ये किटली चालत नाही, आगीच्या भीतीने काढून घेतात. कनार्ड कंपनीच्या जहाजांवर केबिनमध्ये किटली असते, पण त्यांची क्वीन मेरी २ बहुतेक साउथहॅम्प्टनला जाते, तिथे यूकेचा व्हिसा. त्यापेक्षा प्रिमिक्सची बंद पाकिटं न्या. पहाटे वर बुफेमध्ये उकळतं पाणी मिळतं आणि गरम दूध मागितलं तर देतात. उकळलेला नव्हे, पण बाबांना चालेल.

आणि सफर निवडताना जहाजाआधी बंदर बघा. बरमूडा बघितलंत का?

धागाकर्ती:
तारवटी दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईलाही फोनवर वाचून दाखवला. "डाळ आणणारा माणूस शोधायचा" हे तिला फार आवडलं.

काल रात्री (तिथली सकाळ) बाबांशी बोलले. रॉयल, एमएससी, नॉर्वेजियन सगळं समजावून सांगितलं. हेही सांगितलं, की या कंपन्या एकमेकींच्या कशा शेजारणी आहेत: १९६६ मध्ये क्नुट क्लोस्टर आणि टेड एरिसन यांनी मिळून नॉर्वेजियन सुरू केली, दोघांचं फाटलं आणि १९७२ मध्ये एरिसनने कार्निव्हल काढली. बाबांनी ऐकून घेतलं. पॉइंटचं सांगितलं तेही ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: "जहाज धक्क्याला लागतं का बाहेर नांगर टाकतं?"

बाहेर नांगर टाकला की किनाऱ्यावर छोट्या होडीनेच जावं लागतं. इतकी वर्षं जहाजावर जाते आहे, पण आईच्या गुडघ्यासाठी सगळ्यात आधी हे विचारायला हवं, हे मला सुचलं नव्हतं. गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाला सुचलं.

मग बरमूडा उघडून बसलो. मोठी जहाजं किंग्ज व्हार्फला थेट धक्क्याला लागतात, आणि ती जागा म्हणजे ब्रिटिशांनी १८०९ पासून बांधलेली आरमारी गोदी, रॉयल नेव्हल डॉकयार्ड. आता तिथे संग्रहालय आहे. बाबांना नकाशावर दाखवलं तर ते धक्क्याची लांबी विचारायला लागले. काही सफरी तिथे दोन रात्री मुक्काम करतात, म्हणजे आई थकली तर परत येऊन केबिनमध्ये आडवी होईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरेल. बरमूडाहून परत अमेरिकेत शिरायला मल्टिपल एन्ट्री व्हिसा हवा, तो आहे.

तर आता कंपनी नाही, मुक्काम आधी ठरवला आहे: बरमूडा, किंग्ज व्हार्फ, किमान दोन रात्री. सध्या नजरेत दोन सफरी आहेत. एक रॉयलच्याच घरातल्या सेलिब्रिटीची, जिथे आमची पातळी मानतील. दुसरी नॉर्वेजियनची मॅनहॅटनहून, जिथे आम्ही अगदी नवे. नवरा अजून पहिलीकडे झुकतोय, पण पॉइंट कुठल्या खात्यात जमा होतील हे आता विचारत नाही.

शेवटची दोन विचारणी. दोन केबिन शेजारी-शेजारी आणि मधून दार असलेल्या मिळाल्या तर रात्री आईला सोयीचं होईल, पण अशा जोडकेबिन लिफ्टपासून लांब असतात का? आणि पहाटे पाचला वरचा डेक उघडा असतो ना? बंदरात शिरताना बाबांना कठड्याशी उभं राहायचं आहे.

तारवटी:
डेक उघडा असतो, फक्त धुतलेला असतो, चप्पल घसरणार नाही अशी घ्या. जोडकेबिन लिफ्टजवळही असतात, पण थोड्या. बुकिंग आत्ताच करा. आणि बंदराचा पायलट (जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस) कुठल्या बाजूने चढतो ते आदल्या दिवशी कुणा डेकवाल्याला विचारून ठेवा, बाबांना त्या बाजूला उभं करा.