पाळी चुकणे आणि प्रोलॅक्टिन

पाळी का चुकते यावरच्या चर्चेत पीसीओएसबद्दल (संप्रेरकांच्या असंतुलनाने बीजकोशांचे काम बिघडणे) सविस्तर बोलले गेले, पण प्रोलॅक्टिनचा उल्लेख राहून गेला, म्हणून ही भर. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक बाळंतपणानंतर दूध येण्यासाठी आवश्यक असते. मात्र एरवी ते वाढले, तर मेंदूकडून बीजकोशांना मिळणारे संदेश मंदावतात, बीज पक्व होत नाही आणि पाळी लांबते किंवा थांबते. अंगावर पाजत नसतानाही स्तनाग्रातून दुधाचा थेंब येणे ही त्याची एक ठळक खूण. संकोचापायी अनेकजणी ती डॉक्टरांना सांगतच नाहीत, याचे फार वाईट वाटते. थायरॉईडचे काम मंदावले तरी प्रोलॅक्टिन वाढू शकते, त्यामुळे टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासण्याआधीच पिट्यूटरीत गाठ आहे का ते पाहायला एमआरआयकडे वळणे मला घाईचे वाटते. डोम्पेरिडोनसारख्या उलटीवरच्या गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. रक्त देतानाच्या ताणानेही आकडा किंचित चढतो, म्हणून वाढ थोडीच असेल तर काही वेळ शांत बसून पुन्हा नमुना द्यावा. अर्थात, या सगळ्याआधी गर्भधारणा चाचणी हवीच.