चित्रांच्या नादी लागून नेटवर कुठवर भरकटलात? अनुभव लिहा

कोपऱ्यातली_खिडकी
काल माळा आवरताना आईची ट्रंक उघडली. तळाला अंथरलेलं एक जुनं कॅलेंडर निघालं. दिवा घेतलेली बाई, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा, बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड. आजोळी माजघरात हेच चित्र होतं. आजी सांगायची, रविवर्म्याचं. आम्हीही आजवर तेच सगळ्यांना सांगत आलो.

भाजी निवडायची सोडून गूगल लेन्स लावलं, तर चित्रकार निघाले सावळाराम हळदणकर! सावंतवाडीचे, जेजेत (मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) शिकलेले. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, मॉडेल त्यांचीच मुलगी, मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये. आणि ते जलरंगात आहे!! चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत जिने जलरंगात पेरूचा चिखल केला होता, तिला विचारा याचा अर्थ. जलरंगात चुकलं की पुसता येत नाही हो. आणि या माणसाने हाताच्या आतून उजेड काढलाय.

मग रात्री दीडपर्यंत एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. भेंडी आज सकाळी निवडली. तुमचंही असं काही झालं असेल तर येऊ द्या.

चहाबाज
+१. आमच्याकडेही होतं. कॅलेंडर कुठल्या सालचं?

मधला_डबा
आजीची चूक नाही. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. घराघरात देव त्यांच्याच छापाचे, त्यामुळे भिंतीवरचं प्रत्येक सुंदर चित्र लोकांच्या लेखी रविवर्म्याचंच. मी रोज लोणावळा लोकलने मळवलीवरून जातो. छापखान्याचं कळल्यापासून त्या स्टेशनवर उगाच मोबाईलमधून मान वर काढतो. दिसत काही नाही.

दगडफूल
अजिंठा! मी संभाजीनगरची (तेव्हाचं औरंगाबाद), शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथेच. आठवतं काय, तर अंधार, पुढच्या मुलीची वेणी आणि "हात लावू नका". तिथला बोधिसत्त्व पद्मपाणी नीट पाहिला तो लग्नानंतर, दूध तापत ठेवून, मोबाईलवर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या साइटवर जेजेच्या ग्रिफिथ्सनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकला आहेत. १८७२ ते १८८५, वर्षानुवर्षं जाऊन केलेलं काम. मोठं करून पाहा, जिथे गिलावा पडलाय तो पडलेला तुकडासुद्धा इमानदारीत रंगवलाय. आपण असतो तर तिथे एखादं फूल काढून मोकळे झालो असतो.
पण नशीब बघा. त्यांच्या आधी मेजर गिल यांनी केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत. मूळ चित्रं दीड हजार वर्षं गुहेत टिकली आणि नकला लंडनला जाऊन जळाल्या. हे वाचताना दूध उतू गेलं, ते वेगळंच.

खिडकीपाशी_सीट
दगडफूल, वेणी 😂 आमच्या सहलीत बसच लागली सगळ्यांना.

तिरफळ
लॉकडाऊनमध्ये गेटी म्युझियमने टूम काढली होती ना, घरातल्या वस्तू वापरून प्रसिद्ध चित्रासारखा फोटो काढा. मी डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी झाले. डोक्याला नवऱ्याचा पंचा, कानात सासूबाईंची कुडी. सासूबाई मालवणच्या, कुडी देण्याआधी मूळ चित्र दाखव म्हणाल्या. झूम करकरून पाहिलं आणि, "गो, ह्या मोतयाक कडीच नाय! कानात अडाकला कसा?"
मी हसले. नंतर मॉरित्सहाउसचं (चित्र जिथे आहे ते हेगचं संग्रहालय) वाचलं, तर तेही तेच म्हणतात! कडी रंगवलेलीच नाही, मोती हवेतच आहे. २०१८ साली त्यांनी चित्र यंत्राखाली घातलं, तेव्हा न दिसणाऱ्या बारीक पापण्या सापडल्या, मागचा काळोख म्हणजे मुळात हिरवा पडदा होता. सासूबाईंना सांगितलं तर, "माका इचारल्यानी असता तर..."

चहाबाज
सासूबाईंना दंडवत!

पावसाळी_बूट
मी हेगजवळच राहते. स्क्रीनवर बघून बघून मला वाटायचं मोठं असेल. प्रत्यक्षात ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर. म्हणजे ताटाहून थोडंसंच मोठं. १८८१ मध्ये लिलावात २ गिल्डर (तेव्हाचं डच चलन) ३० सेंटला गेलं होतं. ऑनलाइन सगळं दिसतं, आकार तेवढा कळत नाही.

अर्धा_कप
रेम्ब्रांटचं नाईट वॉच कोणी पाहिलं? अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ७१७ गिगापिक्सलचा फोटो टाकलाय. मी इतका आत गेलो की एका माणसाच्या बुबुळावरचा पांढरा ठिपका स्क्रीनभर झाला, आणि मोबाईल बंद पडला. मुळात रात्रीचं चित्र नाहीच ते, वार्निश काळवंडलं म्हणून नाव पडलं. आणि १७१५ मध्ये टाउन हॉलमध्ये दोन दारांच्या मधे बसेना म्हणून चारी बाजूंनी कापलं! आमचा सुतार त्याच घराण्यातला असणार.

बिनसाखरेचा
सुतारांवर वेगळा धागा काढा. मी पहिला.

निळी_भिंत
माझी कथा ऐका. व्हॅन गॉगचं 'बेडरूम' हे चित्र बघून आम्ही बेडरूमच्या भिंती अगदी तश्शा निळ्या केल्या. शेडकार्ड घेऊन स्क्रीनशी मेळ घातला. रंगारी वैतागला. मग एका दुपारी त्याची पत्रं वाचत बसले (त्याला आलेली धरून सगळी ९०२ ऑनलाइन आहेत, चित्रांसकट). तर बाबा स्वतः भावाला लिहितोय, भिंती फिक्या जांभळ्या!! त्यातला लाल रंग उडाला आणि निळा तेवढा उरला. नवऱ्याला म्हटलं, आपली खोली चुकलीय. तो पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "थांब, आपलाही उडेल."

चहाबाज
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

गुळपोळी
अवांतर: इंटरमिजिएटवरून आठवलं, स्मरणचित्रात "भाजीबाजार" आला की सगळ्या बायका पाठमोऱ्याच काढायच्या. चेहरे टाळायला. बाईंनी विचारलं, "विकणारीसुद्धा पाठमोरी?"

खिडकीपाशी_सीट
आणि हात पदरात झाकलेले! बोटं कोण काढणार.

कोपऱ्यातली_खिडकी
अरे किती छान लिहिताय सगळे! आत्ता कुकर लावून वाचतेय, सविस्तर रात्री लिहीन. गुळपोळी, बोटांवरूनच तर सुरू झालं सगळं 😀
चहाबाज, सालाचा भाग उंदराने खाल्लाय. खाली किराणा दुकानाचं नाव अर्धं दिसतंय. मी ते फ्रेम करायला टाकणार म्हटल्यावर आई म्हणाली, हळदणकर असोत की रविवर्मा, ट्रंकेत आता काय अंथरू ते सांग.

बिनसाखरेचा
रविवारचा पेपर, दोन घड्या. डांबरगोळ्या विसरू नका.