ड्रुसेनखालचा काळा डाग: रक्त पोचत नाही, की नुसती सावली?

प्रश्न:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ओसीटी-अँजिओग्राफी (प्रकाशाच्या मदतीने डोळ्याच्या मागच्या भागातला रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) रोज करते. काल ६८ वर्षांच्या एका आजींचा ३ बाय ३ मिमीचा स्कॅन काढला. कोरिओकॅपिलारिसच्या (रेटिनाखालच्या केशवाहिन्यांच्या पातळ थराच्या) चित्रात नेमके ड्रुसेनखालीच (वयानुसार रेटिनाखाली साचणाऱ्या पिवळसर ठिपक्यांखालीच) काळे डाग. सॉफ्टवेअरने प्रवाह नसलेला भाग २१ टक्के दाखवला. डोळे कोरडे वाटले म्हणून लुब्रिकंटचा थेंब घालून पुन्हा काढला, तर १४! दहा मिनिटांत रक्त वाढत नाही. डॉक्टर याच आकड्यावर आजींशी बोलणार आहेत, म्हणून विचारते: खरं काय धरू?

उत्तर १:
आकडा बाजूला ठेवा. त्याच थराचं साधं ओसीटी चित्र (प्रवाह नव्हे, फक्त रचना दाखवणारं) शेजारी उघडा. तिथेही डाग काळाच असेल तर ड्रुसेनने प्रकाश अडवलाय. त्या जागेबद्दल मत देऊ नका. साधं चित्र उजळ आणि अँजिओ काळं असेल, तरच प्रवाहाची शंका घ्या.

उत्तर २:
शंकाच, खात्री नाही. मशीन रक्त बघत नाही, बदल बघतं: एकाच रेषेचे काही मिलिसेकंदांच्या अंतराने काढलेले स्कॅन ताडून पाहतं. रक्तपेशी फार हळू सरकत असतील तर बदल नोंदला जात नाही आणि रक्त असूनही काळं दिसतं. अंतर वाढवलं तर मंद प्रवाह सापडतो, पण डोळ्याची बारीक हालचालही घुसते.
थराच्या रेषाही तपासा, म्हणजे सॉफ्टवेअर थराची हद्द म्हणून आखतं त्या. कोरिओकॅपिलारिस जेमतेम १० मायक्रॉनचा. ड्रुसेनने वरचा थर उचलला की रेषा त्याच्यामागे वर चढते आणि आपण भलताच थर मोजत बसतो. मी तर प्रत्येक ड्रुसेनवरून बी-स्कॅन (उभ्या छेदाचं चित्र) सरकवून बघतो. वेळ जातो, पण त्याशिवाय सही करत नाही.

उत्तर ३:
रेटिनाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचे ठसेही खाली उमटतात. ते प्रवाह म्हणून मोजले जातात, म्हणजे चूक उलट्या बाजूनेही होते.

प्रश्नकर्ती:
आत्ताच बघून आले. अकरापैकी आठ डाग साध्या चित्रातही काळे. एका जागी रेषा चढली होती, ती हाताने खाली ओढल्यावर डाग गेला. उरले दोन. रिपोर्टमधून टक्केवारी काढली, दोन्ही जागा बाणाने दाखवल्या आणि ‘प्रवाह मंद किंवा नाही, सांगता येत नाही’ असं लिहिलं. आजींना पुढच्या महिन्यात बोलावलंय. थेंब आधीच घालणार.