व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना

प्रश्न: ई-१८० (तीन तासांच्या) व्हीएचएस कॅसेटी संगणकावर घ्यायच्या आहेत. एकीच्या रिळावर पांढरे ठिपके दिसतात. तशीच लावू का? रेझोल्यूशन किती ठेवू?

उत्तर १: मुळीच लावू नका! ती बुरशी असणार. व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि तिथून पुढच्या कॅसेटींना लागते. मास्क लावा, मागचे पाच स्क्रू काढा, रीळ कोरडं करून मगच साफ करा.

उत्तर २: कॅसेट पाल (PAL, भारतातली टीव्ही पद्धत) असेल तर ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्डच (म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत). डीव्ही या डिजिटल व्हिडिओ फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी जातात. डीइंटरलेस (त्या भागांच्या पूर्ण फ्रेम बनवणं) नंतर, तेही ५० फ्रेमवर करा. २५वर केलं तर निम्मी हालचाल हरवते.

उत्तर ३: चित्राचा वरचा भाग वाकत असेल तर टाइम बेस करेक्टर (ओळींची वेळ जुळवून चित्र सरळ करणारं उपकरण) हवाच. तळाच्या काही ओळींतली खरखर मात्र व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना येते, तो कॅसेटचा दोष नाही.